खाऱ्या पाण्याची दृष्ट

नेकनूरच्या पंचक्रोशीत कुणालाही विचारा, त्रिंबक डॉक्टर म्हणजे काय चीज आहे! अडलेली म्हैस असो नाहीतर पोट फुगलेला बैल, माझा हात लागला की जनावर उठून उभं राहिलंच म्हणून समजा. खरं सांगायचं तर मी डॉक्टर नाही, सरकारी दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक आहे. पण ही बारीकसारीक गोष्ट म्हशींना कळत नाही आणि त्यांच्या मालकांना मी सांगत नाही.

एके दिवशी सुंदररावांचा ड्रायव्हर हनुमान जीप घेऊन दवाखान्याच्या दारात आला.

"डाक्टर, बसा पटकन! साहेबांच्या घरी सिरियस हाय."

"कोण? आईसाहेब?"

"आईसाहेबाला काय व्हतंय! मासे!"

सुंदरराव आमच्या भागाचे पुढारी. त्यांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदारानं सहा फुटी काचेची टाकी भेट दिली होती. आत खारं पाणी आणि समुद्राचे रंगीत मासे. जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं साहेबांच्या दिवाणखान्यात समुद्र! टँकर मागायला आलेली माणसं त्या टाकीपुढे ताटकळायची आणि आपण काय मागायला आलो हेच विसरून परत जायची.

"हा निळा मासा घरात आला त्या दिवशी मला तिकीट मिळालं," सुंदरराव घाम पुसत म्हणाले. "आता इलेक्शन तोंडावर हाय आन ह्यानं अन्न सोडलंय! डॉक्टर, तुमच्या बदलीचा अर्ज माझ्याकडंच हाय ना? परळीचा? ह्याला बरा करा, आठ दिवसात ऑर्डर हातात!"

परळी! माझी बायको स्वप्ना तिथं शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला सहा वर्षं झाली आणि त्यातला निम्मा संसार मी एसटीत केलाय. मासा मी आयुष्यात फक्त ताटात पाहिला होता. तरी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, जनावर ते जनावर. पाय असले काय आन नसले काय!"

टाकीपुढे खुर्ची टाकली, चष्मा लावला, वही काढली. निळ्याचा रंग उतरलेला, डोळ्यांवर धुरकट पडदा, कल्ले भात्यासारखे वरखाली. नारंगी पट्ट्यांची जोडी कोपऱ्यात एकमेकांना टेकून बसलेली. मी मोबाइलवर समुद्री माशांचे रोग वाचायला घेतले. वाचता वाचता खात्री पटली की सगळेच रोग ह्या माशांना झालेत. निम्मे तर मलाही होते!

शेवटी निदान केलं, कल्ल्यांत जंत! त्यावर इलाज म्हणजे माशाला पाच मिनिटं गोड्या पाण्यात ठेवायचं. हनुमाननं बादली आणली. निळा बादलीत गेला आणि काय सांगू, एकदम तरतरीत! साहेबांनी टाळी वाजवली. टाकीत परत सोडला, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा मलूल. मला अक्कल असती तर तिथंच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रोग बदलला. औषधानं टाकीचं पाणी निळंशार झालं आणि त्यात निळा मासा दिसेनासा झाला! पाणी निवळेपर्यंत साहेब जेवले नाहीत. मग कार्यकर्ते विचारपूस करायला यायला लागले. एकानं शहाळी आणली. चौकात 'लवकर बरे व्हा'चा फलक लागला, त्यावर मासा बोटाएवढा आणि कार्यकर्ते पुरुषभर उंचीचे.

मी मात्र सकाळ-संध्याकाळ काचेला नाक लावून बसलेला. साहेबांच्या आई वच्छलाबाई जाता-येता माझ्याकडे बघून पुटपुटायच्या, "कावून असं टक लावून बसतंय हे मानूस? घरदार न्हाई का ह्याला?"

घरदार परळीला होतं, म्हणूनच तर बसलो होतो!

सहाव्या दिवशी धुळाजी धनगर थेट बंगल्यात शिरला. "डाक्टर, पाच-सा दिस झाले दवाखान्याला कुलूप हाय. माझ्या मेंढरास्नी जंताचं औषध कोन पाजनार?"

"धुळाजी, इथं जीवन-मरणाचा प्रश्न आहे."

धुळाजीनं टाकीच्या काठावर जमलेला पांढरा थर नखानं खरवडला, ओलं बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्ये पानी हाय का लोनच्याचा खार?"

"अरे बाबा, समुद्राचं पाणी खारटच असतं."

"म्या कुठं बगितला समिंदर! पर मेंढराला बी चाटायला मिठाचा खडाच देतो आमी, पोतं न्हाई."

मी हसणार तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. मुठीत मीठ-मिरच्या. टाकीवरून सात वेळा मूठ उतरवली, "आल्या-गेल्याची, पापी नजरेची" असं काहीसं म्हणाल्या, मिरच्या पदरात ठेवल्या आणि मूठभर मीठ टाकीत!

"आईसाहेब!" माझा आवाज फाटला. "हे काय?"

"दिष्ट काढते. मिरच्या जाळायच्या, मीठ पान्यात टाकायचं. मीठ इरघळलं की दिष्ट इरघळली. घरात एवढं पानी असताना भाईर कशाला जाऊ?"

"रोज काढता?"

"आदी रोज एकदा काढायचे. मासे लईच आजारी पडले, तवापासनं चारदा."

टाकीवाल्यानं दिलेली मीठ मोजायची नळी हनुमाननं थर्मामीटर समजून खणात जपून ठेवली होती. ती पाण्यात सोडली, तर बुडेचना! लाल खूण पाण्याच्या कितीतरी वर ठेवून ताठ उभी राहिली, म्हणजे मीठ भलतंच जास्त.

आता पुढाऱ्याच्या आईला 'तुम्हीच मारताय' असं कोण सांगणार? मी डोकं चालवलं. हळूच म्हणालो, "आईसाहेब, उतरवलेली दृष्ट पुन्हा त्यांच्याच पाण्यात टाकली तर ती परत लागणार नाही का? अंगणात टाकत जा."

म्हातारीला पटलं. मग हनुमानला बजावलं, रोज थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच जारचं गोडं पाणी घालायचं, एकदम नाही. आणि मी धुळाजीच्या मागं माळावर गेलो. तीन दिवस त्याच्या मेंढ्यांना औषध पाजलं. बंगल्याकडे फिरकलोसुद्धा नाही, सगळं फोनवर.

चौथ्या दिवशी हनुमान जीप घेऊन आला. दिवाणखाना कार्यकर्त्यांनी भरलेला. निळा मासा टाकीभर मिरवत होता. सुंदररावांनी मला मिठी मारली.

"डॉक्टर, मानलं! पर नेमकं झालं काय व्हतं ह्यांना?"

दारात वच्छलाबाई उभ्या. खरं उत्तर चार शब्दांचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे परळीची ऑर्डर नाचत होती. मी घसा साफ केला आणि अख्ख्या खात्याची इज्जत वेशीवर टांगून म्हणालो, "साहेब, दृष्ट लागली होती. आईसाहेबांमुळेच वाचले."

वच्छलाबाई प्रसन्न झाल्या. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"दृष्ट?" सुंदररावांचा चेहरा बदलला. "कुनाची?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वच्छलाबाई पुढे आल्या आणि बोट थेट माझ्यावर.

"कुनाची म्हंजी? ह्याचीच! सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून डोळे फाडून कोन बसायचं? हा बसला तसे मासे वाळत गेले. तीन दिस आला न्हाई, तर बगा कसे पळायलेत!"

दृष्ट नव्हतीच म्हणावं, तर आत्ताच भर सभेत सर्टिफिकेट दिलेलं! कार्यकर्ते दोन पावलं मागं सरकले. एकानं गळ्यातली सोन्याची साखळी शर्टात घातली.

साहेब मात्र शब्दाला पक्के. आठ दिवसांत बदलीची ऑर्डर आली. आष्टीला! जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, परळीपासून जेवढं लांब नेता येईल तेवढं.

स्वप्नाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीठ जास्त झालं होतं, एवढं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मला खरोखर लाज वाटली. तिची नाही, माझी.

जाऊ द्या म्हटलं, नवा गाव, नवी सुरुवात. पहिल्याच दिवशी छबुबाई नावाच्या शेतकरणीच्या गोठ्यात बोलावणं आलं. गेलो, तर दारावर ताजं लिंबू-मिरची आणि गाय शिंगांपासून शेपटीपर्यंत पोत्यांनी झाकलेली! औषध टोचायला फक्त तळहाताएवढी जागा उघडी ठेवलेली.

"बाई, गाईला थंडी वाजतेय का?"

छबुबाईंनी पदर सावरला आणि माझा चष्मा काढून घ्यायला हात पुढे केला.

"इलाज करा डाक्टर. पर बगू नका!"