दोरीवरच्या नूडल्स

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सोसायटीत वानखडेसाहेबांचा विषय निघाला की सगळे त्यांच्या गमती सांगतात. मीही दोन सांगतो आणि नेमकी एक गिळतो. आता माझं वय असं आहे, की राहिलेलं राहूनच जाईल. म्हणून सांगून टाकतो.

वानखडेसाहेब बाल्कनीतल्या दोरीवर नूडल्स वाळत घालायचे. बनियन, टॉवेल, नूडल्स, पुन्हा बनियन. कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीत त्यांची बाल्कनी माझ्या बरोबर वर. एका सकाळी माझ्या बशीत वरून काहीतरी लांबट पडलं. मी मान वर करून म्हणालो, "साहेब, आपलं काहीतरी खाली आलंय."

"बशीले चिकटली का?"

"नाही."

"मंग जमली, राजेहो!"

गृहस्थ मूळचे अकोल्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पत्नी कधीच गेलेली. स्वयंपाकघरात त्यांची मजल चहापर्यंत. मग मुलानं हनोईत नोकरी धरली आणि तिथल्याच लान नावाच्या मुलीशी लग्न केलं. एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं सासऱ्यांना स्वतः केलेली वरणफळं दाखवली. फळं कसली, त्यात एक तर थेट आफ्रिकेचा नकाशा होता. पण साहेब हरखून गेले. ती दिवाळीला पहिल्यांदा इथं येणार होती. तेव्हा तिच्या माहेरचा नूडल्सचा वाडगा आपल्या हातानं तिच्यापुढे ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं आणि अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं.

तांदूळ भिजवून वाटायचे, ताटलीत पातळ पसरून वाफवायचे, निघालेल्या पापडीच्या पट्ट्या कापायच्या. सुरुवातीला नुसती उकडच व्हायची. ती आम्ही वर तेल घालून खाल्ली. पीठ पातळ झालं की साहेब म्हणत, "विसर्ग वाढला." घट्ट झालं की, "गाळ साचला." चॉपस्टिकचा सराव मोड आलेल्या मटकीवर. खाली बाकावर बसून एकेक दाणा उचलायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचे.

रविवारी चाखायला मी. रश्श्यात चक्रफूल, दालचिनी, भाजलेलं आलं. नाकाला गोड्या मसाल्याची ओळख पटायची, जिभेला मात्र सगळं नवीन. एका रविवारी नूडल्स अखंड निघाल्या. पांढऱ्या, लुसलुशीत, एकही न तुटलेली. साहेब ओट्यापाशी उभ्यानंच टाळ्या वाजवायला लागले. त्याच दिवशी माशाचा सॉसही आला होता. "याच्याबिगर चव अर्धीच," म्हणत त्यांनी बाटली उघडली. मी दोन वाडगे ओरपले.

वास जिना उतरून घरोघरी भेट देऊन आला. संध्याकाळी सेक्रेटरी माझ्याकडे हजर. सोसायटीच्या पाट्या मीच लिहायचो आणि माझ्या तिरकसपणाचा मला गर्व होता. खरं तर वर जाऊन, साहेब, खिडकी उघडी ठेवत जा, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण पाटीचं पहिलं वाक्य सुचलं आणि मला राहवेना. लिफ्टपाशी निनावी पाटी लागली: 'ही सोसायटी आहे, बंदर नव्हे. माशांनी जिन्यात फिरू नये.' सगळी इमारत हसली. ते दोन वाडगे तेव्हा माझ्या पोटातच होते.

साहेबांनी पाटी वाचली आणि मलाच म्हणाले, "लिहिणारा हुशार आहे, आपटेसाहेब." दुसऱ्या दिवसापासून दोरीवर नुसते बनियन.

दिवाळीत लान आली. मी दूध घेऊन येत होतो, सासरे-सून लिफ्टसाठी उभे होते. तिनं पाटीकडे बोट दाखवून काय लिहिलंय ते विचारलं. मी जागीच थबकलो. साहेबांनी पाटीवरून सावकाश नजर फिरवली आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, की नव्या सूनबाईंचं सोसायटीतर्फे स्वागत आहे.

लाननं पाटीला हात जोडले. मग वळून मलाही.

त्या दिवाळीत तिला वरणभातच मिळाला.

पुढे साहेब कायमचे मुलाकडे निघाले. जाताना ती बाटली माझ्या हातात दिली, पिशवीत पिशवी घालून घट्ट बांधलेली. "वास येणार नाही," म्हणाले. "तुम्हाले आवडते, मले माहीत आहे." मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. बाहेर पडलं ते मात्र, "किती घालायचा?"

"थोडासाच. मंग चाखून पाहायचं, राजेहो."

तिथून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. लान वाडग्यात तोंड घालून नूडल्स ओरपत होती आणि मागे साहेब टाळ्या वाजवत होते. "तिनं पुन्हा मागितल्या, आपटेसाहेब, पुन्हा!" त्या आनंदात पाटीचं कुठं काढू? पुढच्या वेळी बोलू म्हटलं. पुढच्या वेळी फोन आला तो मुलाचा, साहेब गेल्याचा.

हल्ली रविवारी माझ्या दोरीवर नूडल्स असतात. तुटतात, पण असतात. त्यांच्याखाली उभा राहून ते वाक्य मी अजून म्हणून पाहतो. पाटीसारखं चटपटीत ते कधीच झालं नाही. एवढंच होतं: साहेब, ती पाटी माझी. चुकलं माझं.