गोगट्यांच्या टाकीतलं पाणी

सन दोन हजार पाच. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि शेजारचा गोगटे नळाशी बोलत होता.

"खोक, खोक. कफ सगळा बाहेर पडू दे."

नॉटिंगहॅममध्ये आमची घरं भिंतीला भिंत लावून. गोगटे हिशेबनीस, रिटायर झालेला, लग्न न केलेला. त्याच्याकडे कॅम्पर गाडी. चूल, बिछाना, नळ, सगळं आत. थंडीत पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून तो दिवाळीच्या सुमाराला टाकी रिकामी करायचा. ईस्टर आला की औषध घालून टाकी नि पाइप धुवायचा, वर साफ पाणी सोडायचा. अडकलेल्या हवेनं नळ फुर्र-फुर्र करायला लागला की आजारी पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवायचा.

मी चौथी नापास. पण या गावात जन्मभर बस चालवली. स्वतःची गाडी मात्र कधी झाली नाही. त्या कॅम्परच्या स्टिअरिंगवर एकदा बसावं असं फार वाटायचं. पण मागणार कोण? मी? छट्!

त्यात आमची ही म्हणायची, "बघा, गोगटेभावजी किती निगुतीनं करतात! तुमच्यानं मोरीचा गळका नळ दुरुस्त होत नाही."

मग मी कुंपणावरून ओरडायचो, "औषधाचा वास येतोय हो!" की गोगटे अख्खी टाकी रिकामी करून पुन्हा धुवायला बसायचा. मला जरा बरं वाटायचं.

एवढं करून स्वारी सकाळी निघायची आणि संध्याकाळी परत दारात. "हवा बरी नव्हती," म्हणायचा. लख्ख ऊन असायचं.

त्या वर्षी तिसऱ्यांदा मी वासाची तक्रार काढली, तसा तो म्हणाला, "अहो तात्या, आत येऊन चाखा तरी."

गेलो. नळाखाली दोन कप.

"दुसरा कुणाचा?"

"तुमचाच. दर वर्षी भरतो. तुम्ही कुंपण ओलांडत नाही." मग नळाकडे बघत म्हणाला, "समुद्रापर्यंत जातो हो. चहा टाकतो. बोलायला हा नळ. मग येतो परत."

पाण्याला कसलाही वास नव्हता. "बरं आहे," म्हटलं, आणि कप रिकामा करून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटर चढवला, हिच्याकडून पोळीभाजीचा डबा भरून घेतला, गोगट्याची बेल दाबली आणि हात पुढे केला.

"किल्ली आणा. चालवणार मी."