एक नंबरचं खोकं

नोकरीच्या पहिल्या दिवशी सल्लागार अंधारातच उठून बसले, यावर घरात कोणाचाच विश्वास बसला नाही. त्यांचा स्वतःचाही बसला नाही. म्हणून त्यांनी बायकोला हलवून विचारलं, "अगं, मी उठलोय का?"

"उठलायत. आता उभे राहा," बायको डोळे न उघडता म्हणाली.

सल्लागार हे काही त्यांचं नाव नव्हे. सासरच्या मंडळींनी ते त्यांना चिकटवलं होतं आणि त्यात आदराचा भाग फार थोडा होता. न्हाव्याने कात्री कशी धरावी, गवंड्याने वीट कशी लावावी, डॉक्टरने औषध कोणतं द्यावं, हे सगळं त्यांना ठाऊक असे आणि ते न विचारता सांगत. आधीच्या कचेरीत धंदा कसा करावा हे त्यांनी मालकालाच चारचौघांत समजावलं. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हापासून कित्येक महिने त्यांच्या सल्ल्यांचा सगळा भार एकट्या बायकोवर पडत होता.

शेवटी तिने एक दिवस पोळपाटावर लाटणं आपटलं. "पार्सलच्या गोदामात गाडी भरायला माणसं हवीत. पहाटेची पाळी आहे. ते तरी करा, नाहीतर माझ्या भावाच्या दुकानात जाऊन बसा. तिसरं मला काही ऐकायचं नाही."

भावाचं दुकान हे सल्लागारांचं अवघड जागेचं दुखणं होतं. हा मेहुणा त्यांच्याहून चांगला आठ-दहा वर्षांनी लहान. लग्नाच्या वेळी जेमतेम मिसरूड फुटलेला. "हा पोरगा काय दिवे लावणार!" असं सल्लागारांनी भर मांडवात सांगून टाकलं होतं. पुढे त्या पोराने बादल्या, टब, खुर्च्या-बिर्च्यांचं दुकान टाकलं आणि बघता बघता एका गाळ्याचे तीन गाळे केले. बरं, त्याने एकदा तरी टोमणा मारावा, तर तेही नाही. दिसले की हात जोडून म्हणायचा, "दाजी, या ना, बसा ना." त्या "बसा ना"पेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. त्या दुकानात गल्ल्यापाशी बसून गिऱ्हाइकांना बादल्यांचे भाव सांगायचे आणि नोकरापोरांनीही "दाजी, जरा सरका" म्हणायचं, या कल्पनेनेच सल्लागारांच्या अंगावर काटा येई. त्यापेक्षा गोदाम बरं.

"टिकाल ना?" त्या पहाटे सल्लागार दाराशी जोडे घालत असताना बायकोने आतून विचारलं.

"टिकाल ना म्हणजे? महिन्याभरात ते गोदाम माझ्या सल्ल्याने चालेल!"

बायकोने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. पांघरुणाखाली ती हसली की खोकली, हे त्यांना कळलं नाही.

गोदाम भलतंच मोठं होतं. एका बाजूने पट्ट्यावरून खोकी वाहत येत होती, दुसऱ्या बाजूला गाड्या पाठ लावून उभ्या होत्या. मुकादमाने सल्लागारांना चमकणारं जाकीट दिलं, मोबाइल काढून कपाटात ठेवायला लावला, हातात स्कॅनर दिला आणि एका गाडीच्या पोटात उभं केलं.

"नीट ऐका. प्रत्येक खोक्यावर नंबर आहे. एक नंबर म्हणजे ड्रायव्हर सगळ्यात आधी देणार ते. मोठा नंबर आधी आत टाकायचा, ड्रायव्हरच्या पाठीशी. एक नंबर सगळ्यात शेवटी, दाराशी. खालपासून वरपर्यंत भिंत रचत यायचं. आधी स्कॅन, मग भिंत. कळलं?"

"कळलं. पण मी काय म्हणतो, हा पट्टा जर उलट्या बाजूने..."

"काका, खोकं आलं."

खोकं खरंच आलं होतं आणि त्याच्या मागे दुसरं, तिसरं, दहावं. पट्ट्याला सल्ला ऐकायची सवय नव्हती. अर्ध्या तासात सल्लागारांचा सदरा पाठीला चिकटला आणि कंबरेने आपण कुठे आहोत ते आवाज करून सांगायला सुरुवात केली. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भिंत त्यांनी सरळ रचली. आयुष्यभर गवंड्यांना शिकवलं ते कुठेतरी कामी आलं.

आणि मग ते खोकं आलं. भलंमोठं, जड, तपकिरी. लेबलावर ठळक अक्षरात मेहुण्याच्या दुकानाचं नाव आणि नंबर एक. मेहुणा बाजारात सगळ्यांच्या आधी दुकान उघडतो, म्हणून त्याचं पार्सल सगळ्यांच्या आधी. इथेही पहिला नंबर त्याचाच!

सल्लागार खोक्याकडे बघत राहिले. नियमाने ते बाजूला ठेवायला हवं होतं. पण मनात आलं, आज एक दिवस बसू दे वाट बघत. सगळ्या गावाची पार्सलं आधी जातील आणि उन्हं कलल्यावर याचं. त्यांनी ते खोकं इमानदारीत स्कॅन केलं आणि ढकलत ढकलत पार आत, रचताना भिंतीच्या मागे मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यात नेऊन सोडलं. जाता जाता त्याला गुडघ्याने एक दणकाही दिला.

तेवढ्यात चहाची घंटा झाली आणि पट्टा थांबला. सगळे बाहेर गेले. सल्लागारांनी तो कोपरा पुन्हा एकदा पाहिला. मागे गाडीचा पत्रा, पुढे त्यांनीच रचलेली भिंत, मध्ये टेकायला मेहुण्याचं खोकं. बाजूला जेमतेम माणूस जाईल एवढी फट. अशी निवांत जागा त्यांच्या आधीच्या कचेरीतही नव्हती. ते आत शिरले, खोक्यावर बसले आणि कोणी डोकावू नये म्हणून उशांचं एक हलकं खोकं फटीत ओढून घेतलं. मेहुण्याच्या मालावर बूड टेकवून बसण्यात काही निराळंच समाधान होतं. पाचच मिनिटं, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले.

पट्टा पुन्हा सुरू झाला तेव्हा मुकादमाने गाडीत डोकावून पाहिलं. "नवीन काका कुठे गेले?"

"गेले असतील घरी," शेजारच्या गाडीवरची बाई म्हणाली. "पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत निम्मे पळतातच."

"भिंत मात्र छान रचली हो," मुकादम हळहळला आणि त्याने दुसरा माणूस लावला. त्या माणसाने सल्लागारांच्या भिंतीपुढे दुसरी भिंत रचली, तिच्यापुढे तिसरी. मग शटर पडलं आणि गाडी निघाली.

सल्लागार जागे झाले ते डोकं पत्र्यावर आपटून. आधी त्यांना वाटलं, बायकोने हलवलं. मग गाडीने वळण घेतलं आणि सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडलं तर ड्रायव्हर गाडी थांबवणार, मुकादमाला फोन करणार. कामावर झोपलेला माणूस पहिल्याच दिवशी घरी. आणि घरी म्हणजे कुठे? तर मेहुण्याच्या दुकानात!

नाही, असं हातपाय गाळून चालणार नव्हतं. ड्रायव्हर पार्सलं देत जाईल, भिंती कमी होतील. तो कुठे जिना चढला की हळूच उतरायचं आणि रिक्षा करून गोदामात परत. मुकादमाला सांगायचं, पोट बिघडलं होतं. बेत चांगला होता. त्यात खोट एवढीच होती की गाडी सगळ्यात आधी कुठे थांबणार, याचा त्यांना झोपेत विसर पडला होता.

गाडी थांबली. शटर वर गेलं. बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"या या! आज लवकर आलात."

सल्लागारांना बुडाखालच्या खोक्याचा नंबर आठवला.

"तुमचं पहिलंच आहे," ड्रायव्हर म्हणाला. मग बराच वेळ नुसती खडबड. "अरेच्चा. दाराशीच असायला पाहिजे. मशीन तर सांगतंय, गाडीत आहे."

"मग असेल की आत. राहू द्या, उद्या आणा," असं कोणताही शहाणा दुकानदार म्हणाला असता. पण मेहुणा पडला सज्जन. "काढू की सगळं बाहेर. मी लावतो हात. ए पोरांनो, या रे!"

खोकी उतरू लागली. तिसरी भिंत गेली, दुसरी गेली. सल्लागारांच्या कोपऱ्यात उजेडाची बारीक रेघ आली. ते अंग चोरून खोक्यावर जितकं लहान होता येईल तितकं लहान झाले.

"ही आतली भिंत कोणी रचली? काय सरळ आहे!" मेहुणा म्हणाला.

एरवी या वाक्यावर सल्लागारांनी तासभर भाषण दिलं असतं.

ड्रायव्हरने फटीतलं उशांचं खोकं धरून ओढलं. ते येईना, कारण आतून सल्लागारांनी ते दोन्ही हातांनी कवटाळलं होतं.

"कशात तरी अडकलंय."

"थांबा, मीही ओढतो. हं, एक, दोन..."

तीनला सल्लागारांचे हात सुटले. ड्रायव्हर, मेहुणा आणि उशा असे सगळे मिळून मागे धडपडत गाडीबाहेर, रस्त्यावर मांडलेल्या बादल्यांच्या उतरंडीवर पडले. बादल्या गडगडत समोरच्या दुकानापर्यंत गेल्या आणि अख्खा बाजार बघायला गोळा झाला. गाडीच्या पोटात, चमकणारं जाकीट घालून, एक नंबरच्या खोक्यावर गुडघे छातीशी घेऊन सल्लागार बसले होते.

"दाजी?"

"भिंत..." सल्लागारांनी जाकीट सारखं केलं. "भिंत तपासत होतो. मागच्या बाजूने."

मेहुणा उठला, कपडे झटकले आणि सवयीने हात जोडून म्हणाला, "या ना दाजी, बसा ना."

"बसलेलेच आहेत," ड्रायव्हर म्हणाला.

सल्लागारांनी उठायचा प्रयत्न केला, पण दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. शेवटी पोरांनी त्यांना खोक्यासकट उचललं आणि दुकानाच्या पायरीवर ठेवलं. ड्रायव्हरने मोबाइल पुढे धरला. "हलू नका. पोचवल्याचा फोटो लागतो. ज्यांनी मागवलं त्यांना लगेच जातो." आणि सल्लागारांनी तोंड लपवायच्या आत फोटो गेलासुद्धा.

"यात आहे तरी काय एवढं?" विषय बदलावा म्हणून सल्लागारांनी विचारलं.

मेहुणा पहिल्यांदाच गोंधळला. त्याने मान खाजवली. "खुर्ची आहे, दाजी. चाकांची, उंच पाठीची. गल्ल्यापाशी ठेवायला."

"दुकानात खुर्च्या विकतोस आणि बाहेरून खुर्ची मागवतोस?"

"आमच्या प्लास्टिकच्या. तुमच्या कंबरेला चालायच्या नाहीत, असं ताई म्हणाली. तिनेच मागवली. तुम्ही गोदामाला हो म्हणालात ना, त्याच संध्याकाळी."

सल्लागार खाली बघू लागले. पहाटे ज्याला गुडघ्याने दणका दिला, ज्यावर बसून झोप काढली, ती त्यांचीच खुर्ची होती. बायकोने त्यांना आधी दुकानात पोचवलं होतं आणि मग गोदामात पाठवलं होतं. त्यांनी पुठ्ठ्यावरचा गुडघ्याचा पोचा तळहाताने सारखा करून पाहिला.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. त्याने नेमका स्पीकर लावला.

"फोटो मिळाला," बायको म्हणाली. "मी म्हणाले होते, आठवडा टिकतील."

"मी तीन दिवस म्हणालो होतो, ताई."

"दोघंही चुकलो. आहेत का तिथे?"

"आहेत. ऐकतायत."

"मग त्यांना सांग, खुर्ची नीट बघून घ्या. आवडली नाही तर परत पाठवायची सोय आहे," बायको म्हणाली. "खुर्चीला आहे म्हणावं. माणसाला नाही."

फोन बंद झाला. दुकानातलं एक पोर गडगडलेल्या बादल्या घेऊन पायरी चढायला आलं आणि त्यांच्यापाशी थांबलं.

"दाजी," ते म्हणालं, "जरा सरका."