वाकलेला झेब्रा आणि महाराजांची घसरगुंडी

एका जंगलात एका टिटवीला कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पट्टा तुटलेला दिसला आणि ती खुर्चीवरून हातभर उडाली. एवढंच झालं होतं, मुलांनो. तुम्ही घाबरू नका. ते काम टिटवी करतेच आहे.

तिचं नाव शलाका. डिझाइनच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. सिंहमहाराजांची घसरगुंडी काढायचं काम तिच्याकडे होतं. वरचा उतार उभा, खालचा जवळजवळ आडवा. दोघांना ब्लेंड करायचं, म्हणजे एकमेकांत असं मिसळायचं की सांधा कुठे आहे ते महाराजांच्या बुडालाही कळू नये.

ते तपासायची तिथे एक रीत होती. पडद्यासमोर झेब्रा उभा करायचा. त्याचे पट्टे चित्रातल्या घसरगुंडीवर उमटायचे. सांध्यावरून ते अखंड गेले तर काम चोख. तुटले, तर तिथे धार.

आणि ते तुटत होते.

"तरससाहेब, सांध्यावर पट्टे तुटतायत हो."

तरस विभागप्रमुख होता, त्यामुळे आधी हसला. "काल तू प्रिंटरला घाबरलीस."

"तो अचानक सुरू झाला, सर."

"झेब्र्याला जरा वाकून उभं राहायला सांग."

झेब्रा दुखावला. "माझे पट्टे घराण्याचे आहेत, ताई. खोट तुमच्या घसरगुंडीत असेल."

"मीही तेच म्हणतेय, काका."

"मग मी का वाकू?"

"साहेब म्हणतात म्हणून."

हे मात्र झेब्र्याला पटलं. तो वाकला, एक पाय उचलला, पोट आत घेतलं. पट्टे जुळले. तरसाने मंजुरी दिली.

शलाकाने गुपचूप सांध्याचा गोलावा वाढवून पाहिला. त्याने खालचा उतारच गिळला आणि पडद्यावरचे महाराज थेट तळ्यात जायला लागले. तिने घाईघाईने सगळं पूर्ववत केलं.

घसरगुंडी बांधून झाली. उद्घाटनाला बेडकांचा बँड आला. महाराज वर चढले. आता धार लागली की महाराज फाडून खाणार, आणि खाणार ते डिझाइन करणारीला, हे शलाकाला स्वच्छ दिसत होतं.

"महाराज, बसू नका. सांध्याला धार आहे."

कोणी वळून पाहिलं नाही. टिटवी ओरडतेच, असं सगळे म्हणाले. बेडकांनी आवाज वाढवला.

महाराज सुटले. सांध्यापाशी आले. आणि तिथेच राहिले.

प्रजेला वाटलं, महाराज आसनस्थ झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तरसाने तर डोळे पुसले.

शलाका उडत जवळ गेली. "महाराज?"

ती आणखी जवळ सरकली.

"महाराज, लागलं का हो?"

महाराज प्रजेकडे पाहून हात हलवत होते.

"महाराज, ऐकू येतंय ना?"

"येतंय, बाई," महाराज ओठ न हलवता म्हणाले. "हळू बोल. मी अडकलोय हे अजून कोणाला कळलेलं नाही."

तात्पर्य: खोट दिसली की ती दाखवणाऱ्याला थोडं वाकवावं. मग राजा अडकला तरी विराजमान झाल्यासारखाच दिसतो.