बत्तीस नंबरचा बिल्ला

जहाजाच्या शिडीपाशी एक लाकडी फळा होता. त्यावर शहाऐंशी खिळे आणि खिळ्यांना शहाऐंशी गोल बिल्ले. बिल्ला एका अंगाने हिरवा, दुसऱ्या अंगाने लाल. बंदरात उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, परत चढलं की हिरवा. एक जरी बिल्ला लाल असेल तरी जहाज जागचं हलणार नाही, हे पहिल्या दिवशी तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा सांगितलं ते असं, की ज्याचा बिल्ला त्यानेच फिरवायचा.

हे चौथं हेडक्लार्कसाहेबांनी ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी ते आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलं नसतं. लग्न झाल्यापासून ते दोघांचं सगळं एकट्यानेच उरकत आले होते. दोघांचे अर्ज तेच भरत, दोघांचा चहा तेच सांगत, दोघांना उकडतंय की गार वाटतंय हेही तेच ठरवत. बायकोची सही तर ते इतकी झकास करत, की एकदा बँकेने तिने स्वतः केलेली सही जुळत नाही म्हणून परत पाठवली होती.

बायको म्हणजे शिवणबाई. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं काज-बटण आणि उलटी टीप शिकवून निवृत्त झालेल्या. ही सफर त्यांच्या हट्टाने निघाली होती. चौथीच्या पुस्तकात त्यांनी देवमाशाचं चित्र पाहिलं होतं. खाली लिहिलं होतं, जगातला सर्वांत मोठा प्राणी. आणि चित्र छापलं होतं अंगठ्याएवढं. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, की मरायच्या आधी हा प्राणी त्याच्या खऱ्या मापात बघायचा. मापाच्या बाबतीत शिवणबाई पक्क्या होत्या.

सफरीच्या कागदावर सगळंच होतं. पाच दिवस, तीन बंदरं, लोकसंस्कृती, देवमासा, डॉल्फिन, कासव आणि सोळा जातींचे पक्षी. प्रत्येकापुढे एक चौकोन, त्यात खूण करायची. लोकसंस्कृती सव्वादहा ते पावणेअकरा. म्हणजे माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगत आली ते अर्ध्या तासात बघून, त्यातली दहा मिनिटं शिंपल्यांच्या माळा घेण्यात घालवून, परत जहाजावर जेवायला यायचं. पहिल्या बंदरात ज्या माळा होत्या त्याच दुसऱ्या बंदरात होत्या. विकणारीही तीच असती, पण तिला बहुधा जहाजाएवढं भरभर चालता येत नसावं.

दुसऱ्या बंदरात पहिली तुकडी उतरली. हेडक्लार्कसाहेब हातात कागद घेऊन सात पावलं पुढे, शिवणबाई सात पावलं मागे, हे अंतर लग्नाच्या दिवसापासून ठरलेलं. धक्क्याच्या कडेला एक बाई फाटक्या जाळ्यापुढे बसली होती. शेजारी बांधलेली नाव तिची स्वतःची होती, हात मात्र शिवणकामाचे नव्हते. ती गाठी अशा मारत होती, जशा कुणी रागाच्या भरात पोत्याचं तोंड बांधतं.

शिवणबाई थांबल्या. न थांबून कसं चालेल? वर्गात एकतीस वर्षं हेच तर बघवलं नव्हतं.

"अहो बाई, ही गाठ सुटणार."

"सुटू दे. पुन्हा बांधीन."

"द्या इकडे."

"तुम्हाला येतंय?"

"येत नसेल तर हसा."

नाववाली हसली नाही. जाळ्याची पहिली चार घरं विणून होताच तिने दुसरं टोकही पुढे सरकवलं. भोक चांगलं बैल आरपार जाईल एवढं होतं.

"कशाने एवढं फाटलं हो?"

"आहे एक मेला. इथून जातो येता-जाता. त्याला काय, अंग खाजवायला बरं."

शिवणबाईंनी मान डोलवली. प्रत्येक गल्लीत असा एखादा असतोच. त्या मांडी घालून बसल्या, उन्हासाठी नाववालीने दिलेलं फडकं डोक्यावर घेतलं आणि कामाला लागल्या. घाई नव्हती. आपला बिल्ला लाल आहे तोवर जहाज हलत नाही, हे तीनदा सांगितलेलं त्यांनी नीट ऐकलं होतं.

थोड्या वेळाने दुसरी तुकडी आली. पुढे गाईड. त्याला वाटेतलं प्रत्येक दार, मांजर आणि म्हातारी पुरातन दिसत असे.

"आणि इथे बघा, अस्सल स्थानिक कारागीर! ही कला हिच्या घराण्यात सात पिढ्या चालत आलीय. हात बघा. या हातांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही."

शिवणबाईंच्या तोंडात सुतळीचं टोक होतं, म्हणून गाईड वाचला. चाळीस जणांनी फोटो काढले. पांढऱ्या टोपीवाल्या एक बाई तर शेजारी बसून, गालाला गाल लावून फोटो काढून गेल्या. काल रात्री जेवताना याच टोपीवाल्या शिवणबाईंच्या समोरच्या खुर्चीवर होत्या आणि तासभर स्वतःच्या सुनेबद्दल बोलल्या होत्या. पण माणूस खुर्चीवर असला की प्रवासी आणि जमिनीवर असला की संस्कृती, मग चेहरा कोण बघतो?

शेवटची गाठ बसली आणि भोंगा झाला. शिवणबाईंनी मान वर केली. जहाज चाललं होतं.

झालं होतं ते अगदी साधं. हेडक्लार्कसाहेब वेळेच्या दहा मिनिटं आधी शिडी चढले. एकतीस फिरवला, बत्तीस फिरवला आणि न वळता म्हणाले, "चल गं, आत जेवण लागलंय." मागून उत्तर आलं नाही. ते कधीच येत नसे. बिल्लेवाल्याने फळा पाहिला. शहाऐंशी हिरवे. सुटलं जहाज.

"अगबाई!" शिवणबाई उठल्या. "माझा बिल्ला लाल आहे ना!"

"बिल्ल्याचं मला नाही कळत," नाववाली म्हणाली, "पण जहाज गेलंय खरं. तुमच्यासोबत कोणी नव्हतं?"

"नवरा होता."

"मग बरोबर." तिने जाळं गोळा केलं. "बसा नावेत. पुढच्या बंदरात मासळी द्यायचीच आहे. तुमचं जहाज लांबून वळसा घालून जातं, काय-काय दाखवायला. आपण सरळ जाऊ. त्यांच्या आधी पोचतो की नाही बघा."

नावेत बसायला जागा म्हणजे एक टोपली, तीही पालथी. शिवणबाईंना आधी रडू आलं, मग राग आला. देवमाशाची वेळ कागदावर दुपारी दोन ते तीन होती. पन्नास वर्षं वाट पाहिली आणि नेमक्या त्या तासाला आपण मासळीच्या टोपलीवर! नवऱ्याला काय काय सुनावायचं याची त्या मनात जुळवाजुळव करत होत्या. चांगली धार लागली होती, तेवढ्यात नाववालीने इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"आला बघा मेला. जाऊ दे आधी त्याला. पुन्हा जाळं फाडायचा."

नावेपासून दहा-बारा हातांवर समुद्र फुगला. आधी वाटलं लाट. मग लाटेला पाठ आली, काळी, ओली, चकचकीत. पाठ येतच राहिली. शिवणबाईंनी नकळत मापायला सुरुवात केली, एक वार, दोन वार, पाच वार, आठ वार... आणि मग सोडून दिलं. श्वास सुटल्याचा मोठा आवाज झाला आणि वरून बारीक तुषार आले, कोमट आणि भयंकर वासाचे. एक डोळा पाण्याबाहेर आला. त्याने नाव पाहिली, नाववाली पाहिली, आणि शिवणबाईंकडे चांगलं थांबून पाहिलं. त्यांच्याकडे इतका वेळ कोणी शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना.

मग शेपटी वर आली आणि तो गेला. शिवणबाई चष्मा पुसत होत्या. चष्म्याच्या आतल्या बाजूनेही.

"एवढं काय त्यात?" नाववाली इंजिन चालू करत म्हणाली. "रोजचाच आहे."

जहाज धक्क्याला लागलं तेव्हा शिवणबाई तिथे वाटच बघत होत्या. डोक्यावर फडकं, भिजलेली साडी आणि अंगाला मासळीचा वास. त्या शिडी चढायला लागल्या तसा बिल्लेवाला आडवा आला.

"कुठे निघालात मावशी?"

"आत. बत्तीस नंबर."

त्याने फळा पाहिला. "बत्तीस आत आहे."

"बत्तीस मी आहे."

"तुम्ही असाल. पण बत्तीस आत आहे. हा बघा, हिरवा."

"मग त्या आतल्या बत्तीसला बोलवा. मलाही बघू दे कशी दिसते."

वर कठड्याशी माणसं जमली. पांढऱ्या टोपीवाल्या बाई ओरडल्या, "अय्या, ही तर सकाळची जाळंवाली! इथपर्यंत मागे आली? मी फोटोचे पैसे नाही हं देणार!" आणि पुरावा म्हणून त्यांनी फोटो दाखवला. गालाला गाल. एकाने दाखवला तसे आणखी चौघांनी दाखवले. शिवणबाई स्थानिक आहेत याला चाळीस जण साक्षीदार होते; त्या प्रवासी आहेत याला एकही नव्हता.

"गाईडला विचारा," बिल्लेवाला म्हणाला.

गाईडने शिवणबाईंकडे नीट पाहिलं आणि त्यांना ओळखलं. पण सात पिढ्या चाळीस जणांसमोर सांगितल्या होत्या. त्या आता परत कुठे ठेवणार?

"असतील बुवा... म्हणजे, घराणं तिकडचंच," तो म्हणाला आणि पक्षी बघायला निघून गेला.

शिवणबाई शिडीच्या पहिल्या पायरीवर बसल्या. "एकतीस नंबरला बोलवा," त्या म्हणाल्या. "मी इथून हलत नाही."

भोंग्यातून पुकारा झाला. एकतीस नंबर तोंड पुसत वर आले.

"साहेब, तुमची मिसेस आत आहे का?"

"आहे ना. झोपलीय. बोट लागली असेल तिला. जेवायलासुद्धा आली नाही, तिच्या वाटणीचं गोड मीच खाल्लं."

"तुम्ही बघितलंत झोपलेलं?"

"त्यात बघायचं काय? मीच फिरवला की बिल्ला!"

"जरा खाली बघता का?"

हेडक्लार्कसाहेबांनी खाली पाहिलं. मग फळ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली. रेकॉर्ड आणि बायको यांच्यात तफावत पडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि क्षणभर तरी त्यांचा कौल रेकॉर्डच्या बाजूने होता.

"अगं," ते जरा वैतागून म्हणाले, "तू खाली कधी उतरलीस?"

"सकाळी. तुमच्याबरोबर."

"मग बिल्ला?"

"तो तेवढा तुमच्याबरोबर वर आला."

कठड्याशी कोणीतरी हसलं. पांढऱ्या टोपीवाल्यांनी फोटो हळूच पर्समध्ये टाकला.

पण नियम म्हणजे नियम. आत असलेल्या माणसाला आत घेता येत नाही. म्हणून शिवणबाईंना शिडीवरून फळ्यापर्यंत नेलं, त्यांनी आपला बिल्ला लाल केला, म्हणजे त्या उतरल्या. मग हिरवा केला, म्हणजे चढल्या. लाल करताना हेडक्लार्कसाहेबांचा हात सवयीने पुढे आला होता. शिवणबाईंनी नुसतं पाहिलं. हात खिशात गेला.

 केबिनमध्ये साहेबांनी समजुतीच्या सुरात शिवणबाईंचा कागद पुढे केला.

"हे बघ, तुझं नुकसान काही झालेलं नाही. देवमाशावर तुझीही खूण करून ठेवलीय."

"दिसला?"

"दिसला म्हणजे... आधी हॉलमध्ये पडद्यावर दाखवला. मग वर गेलो तेव्हा गाईड म्हणाला, तिकडे लांब काहीतरी हललं. सर्वानुमते धरला."

शिवणबाईंनी खोडरबर घेतलं. आपल्या चौकोनातली त्यांची खूण नीट, कडेकडेने खोडली. कागदावरचा चुरा फुंकला. मग पेन्सिलीने त्याच जागी स्वतःची खूण केली.

"खाडाखोड कशाला? होतीच की."

"ती तुमची होती."

साहेबांनी खुणेकडे पाहिलं, भिजलेल्या साडीकडे पाहिलं. काहीतरी विचारावं असं त्यांना बहुधा वाटलं. पण विचारायची सवय नव्हती. कुठून सुरू करतात तेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्कसाहेब फळ्यापुढे उभे राहिले. एकतीस लाल केला. बत्तीसला हात घातला, तर तो आधीच लाल. त्यांनी मागे वळून पाहिलं. सात पावलांवर पांढऱ्या टोपीवाल्या बाई होत्या.

"काय साहेब, आज एकटेच? मिसेस बरोबर नाहीत?"

"आहे ना," साहेब म्हणाले, आणि मग जीभ चावली.

"थांबा," ते कठड्याकडे वळत म्हणाले, "बघून सांगतो."