पंख्याखाली हात किती वर करावा

उत्साह ही मौल्यवान चीज आहे, आणि मौल्यवान चीज उघड्यावर ठेवू नये, हे मी तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून शिकलो. (अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. निरोप समारंभात कुणी रडलं नाही. कार्यक्रम वेळेत आटोपला.)

सध्या मी, शरच्चंद्र, महाडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस आहे. मंडळी लहान, पंचेचाळीस माणसांची. बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे आम्ही रविवारी सकाळी उपासनेला जमतो. हॉल उत्तम आहे. फक्त छत ठेंगणं असल्यामुळे पंखे जरा डोक्याशी सलगी करतात.

जूनमध्ये पुण्याहून नवे पाळक आले, रुचिर नावाचे. वय एकोणतीस, त्यामुळे सगळं मनापासून बोलतात. पहिल्याच रविवारी त्यांनी बायबलमधल्या त्या राजाची गोष्ट सांगितली, जो देवापुढे भान हरपून, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून नाचला. आणि राणी महालाच्या खिडकीत बसून नाक मुरडत राहिली. (राजाचं नाव आमच्यात सर्वांना ठाऊक होतं. राणीचं विचारलं तेव्हा तिघांचे हात वर झाले, तेही खांद्याखाली.) "देवासमोर कसला आलाय संकोच?" पाळक म्हणाले. "मोकळे व्हा, मंडळी!" मंडळीने हे अत्यंत गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं.

आता उपदेश नुसता हवेत सोडणं माझ्या स्वभावात नाही. मंगळवारीच 'मनमोकळी आराधना अंमलबजावणी उपसमिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी, सदस्य मी आणि टिपणीलाही मीच, कारण बाकीच्यांनी 'तुम्हीच काय ते बघा' असा ठराव एकमताने मंजूर केला.

आधी पाहणी केली. गाताना ओठ हलणारे अडतीस. आवाज येणारे अकरा. सुरात चार, पैकी एक जण वेगळं गीत म्हणत होता. डोळे मिटून तल्लीन झालेले नऊ. त्यातले दोघे घोरत होते, त्यांना मी 'अतितल्लीन' या वर्गात धरलं. घड्याळ बघणारे सर्व. एवढ्या तुटपुंज्या मोकळेपणावर मंडळी इतकी वर्षं चालली याचं मला कौतुक वाटतं.

मग नियमावली आली. हात वर करण्याचे तीन टप्पे ठरले: छातीपर्यंत नवशिक्यांनी, कानापर्यंत अनुभवींनी, आणि डोक्यावर फक्त पहिल्या व चौथ्या रांगेने, कारण बाकीच्या रांगा पंख्याखाली येतात. (महाडच्या उकाड्यात पंखा बंद करून माझी स्तुती करा, असं देवही म्हणणार नाही.) डोळ्यांत पाणी आल्यास हरकत नाही, रुमाल स्वतःचा असावा. आणि उत्स्फूर्त 'हालेलुया' करणाऱ्याने आदल्या गुरुवारपर्यंत लेखी कळवावं.

पाच महिन्यांत अर्ज आले दोन. एक आमच्या विनोदिनीबाईंचा, म्हणजे माझ्या सौभाग्यवतींचा: 'चिटणीस माझे पती आहेत, त्यांना एका रविवारी तरी वही घरी विसरू द्यावी.' विहित नमुन्यात नसल्यामुळे तो मी निकाली काढला. त्या दिवशी मला आमटी अळणी मिळाली, पण नियम तो नियम.

दुसरा अर्ज ठमाबाईंचा.

ठमाबाई पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीवर राहतात. वय सत्तरीचं. समोरच्या डोंगरावरची म्हैस एका हाकेत गोठ्यात आणणारा आवाज. नियमावलीच्या आधी त्या गायच्या तेव्हा खालच्या दुकानातली पातेली वाजायची. दुकानदाराने एकदा वर येऊन 'पूजा लवकर उरका' असं हात जोडून विनवलं होतं. नियमावलीनंतर मी त्यांना सहाव्या रांगेत, नेमकं पंख्याखाली बसवलं. तेव्हापासून पातेली शांत होती.

सप्टेंबरात त्या आल्या. अर्ज मीच लिहून घेतला.

"कारण?" मी विचारलं.

"माझा सुनील." सुनील त्यांचा एकुलता मुलगा, ट्रक चालवतो. ऑगस्टात कशेडीच्या घाटात दरड आली ती थेट त्याच्या बोनेटवर. दोन दिवस फोन नाही, पत्ता नाही. "तिसऱ्या दिसाला चालत आला हो, चिखलानं भरलेला. मी देवाला बोलले व्हते, पोर येऊ दे, तुझ्याम्होरं नाचंन. मंडळीत, सगल्यांच्या देखत."

"आनंद अंदाजे किती मिनिटं चालेल?"

"आवो भाऊ, ता मी कसा सांगू? पोर आला त्या दिशी दिवस मावळंस्तवर रडत व्हते."

'अनिश्चित' असं लिहिलं. नियमात मर्यादा चार मिनिटांची. शिवाय दरड पडल्याचा पुरावा जोडलेला नव्हता. पंचनाम्याची प्रत लागेल, असं मी सांगितलं.

"पोर हाय की दारात उभा," ठमाबाई म्हणाल्या. "त्याला बघा."

दारात सुनील खरंच उभा होता, कपाळावर सहा टाके. त्याने मला नमस्कार केला. परंतु माणूस हा कागद म्हणून जोडता येत नाही.

"आन् देवाला काय सांगू मी?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "शबुद दिलाय त्याला. त्यानं त्याचा पाळला. माझा राह्यलाय."

प्रकरण विचाराधीन आहे असं सांगा, मी म्हणालो. देवाला वाट पाहायची सवय असते. पुढचे नऊ रविवार ठमाबाई डोंगर उतरून, दोन गाड्या बदलून आल्या आणि पंख्याखाली हात मांडीत घट्ट धरून बसल्या. अशी शिस्त मी कचेरीतही पाहिली नाही. मात्र मला त्यांच्याकडे बघवेना हेही खरं, म्हणून मी वहीत बघत असे.

मग उपकारस्तुतीचा रविवार आला. भात कापून झालेलं, हॉलमध्ये लोंब्यांची तोरणं, सगळी मंडळी हजर. पहिलं गीत सुरू झालं आणि वीज गेली. कीबोर्ड मुका झाला. पंखे दमल्यासारखे फिरत फिरत थांबले. अंधारलं म्हणून मी टिपणी लिहायला खुर्ची उजेडाला नेली.

त्या शांततेत सहाव्या रांगेतून आवाज आला. "भाऊ, पंखा बंद हाय. आता चालंल?"

प्रश्न तर्काला धरून होता. हात खाली ठेवण्याचं कारण पंखा; पंखा थांबला, कारण संपलं. मी नियमावली चाळू लागलो. वीज गेल्यास काय, याची तरतूदच नव्हती! मी पान उलटत होतो, तोवर ठमाबाईंनी पदर खोचला.

"वाट बुजली, देवा, तू वाट काढलीस गो बाय," असं काहीसं त्या गात होत्या. देवाला 'गो बाय' म्हणणं शास्त्राला धरून आहे का, हे पाळकांना विचारायला मी मान वळवली, तर पाळक टाळ्या वाजवत होते. ठमाबाई फेर धरून नाचत होत्या, दोन पावलं पुढे, एक मागे, हात थेट पंख्याच्या पात्यांना. चार मिनिटं झाली. नऊ झाली. खाली पातेली वाजू लागली, डबे वाजू लागले. सुनील दाराशी लाजून उभा होता. आईने त्याचं मनगट धरून ओढलं आणि तो टाके पडलेलं कपाळ खाली घालून हमसाहमशी रडत नाचू लागला. (रुमाल स्वतःचा नव्हता.) मग बायका उठल्या. अतितल्लीन वर्गातले दोघे जागे होऊन उठले. खालचा दुकानदार तक्रार करायला जिन्यावर आला आणि तिथेच ताल धरून उभा राहिला.

विनोदिनीबाई नाचता नाचता माझ्यासमोर आल्या. पस्तीस वर्षांत मी त्यांना असं घामेजलेलं आणि हसरं पाहिलं नव्हतं. फार छान दिसत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "कुठे बसलायत ते बघा एकदा."

मी बघितलं. खिडकीत बसलो होतो.

वही मिटली. उठलो. हात आधी छातीपर्यंत गेला, मग कानापर्यंत, आणि मग, काय सांगू, वरच गेला. माझ्या हालचालीला नाच म्हणावं की नाही याबाबत विनोदिनीबाईंचा प्रतिकूल अभिप्राय स्वतंत्रपणे नोंदवला आहे.

ठमाबाईंचा अर्ज 'पूर्तता झाली' असा शेरा मारून बंद केला. संध्याकाळी हजेरीचा मेळ घालायला बसलो. नाचले: पंचेचाळीस, मी धरून. दुकानदार जिन्यात, म्हणून वेगळा दाखवला. पण हजर मात्र सेहेचाळीस भरत होते. तीनदा मोजलं. एक असामी जास्त.

मग लक्षात आलं. मी उठल्यावरही ती खिडकी रिकामी झाली नव्हती. कुणीतरी या टिपणीच्या अगदी पहिल्या ओळीपासून तिथे बसून आहे. ठमाबाईंचा अर्ज पाहिला, माझी फजिती पाहिली, गालातल्या गालात हसूनही घेतलं, पण हात काही मांडीवरून हलवला नाही. नावाचा रकाना कोरा सोडलाय. तेवढा आपल्याच अक्षरात भरून द्यावा, गुरुवारपर्यंत.