आबांच्या घराची वाळवी

आमचे शेजारी आबा साठी उलटल्यावर पहिल्यांदा विमानात बसले आणि विलायतेला मुलाकडे गेले. तिथून त्यांचं मला पहिलं पत्र आलं ते असं : 'विमान ठीक. मोरीच्या तोंडावर दगड ठेवायचा, उंदीर येतात. मागच्या दाराची कडी आधी वरची, मग खालची.' संपलं. समुद्र दिसला का, सून कशी आहे, एक अक्षर नाही.

अमळनेरला तेलाच्या गिरणीत आबांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. खिळा दिला तरी कसा ठोकायचा ते सांगून द्यायचे. बायको गेल्यावर सांगायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून गल्लीला सांगायचे. भाजीवालीनं वांगी मांडली की, "देठं एका बाजूला कर. असं चालणार नाही." मला चार वेळा बजावलं, कुलूप लावल्यावर ओढून बघायचं. मी म्हटलं, "आबा, तुमच्याआधीही जगात कुलपं होती."

किल्ली माझ्याकडे, म्हणून पत्रं मला. निळा कागद, समासातसुद्धा सूचना. पत्र यायला दहा-बारा दिवस लागायचे, तरी आबा लिहायचे, 'आज ऊन असेल तर गाद्या वाळत घाला.' मी चौथी शिकलेली. माझं उत्तर दोन ओळींचं : 'गाद्या घातल्या. उंदीर नाही.'

त्या पावसाळ्यात माझी मागची भिंत ढासळली. मातीचीच ती. अर्ध्या घरावर आभाळ. धुळ्याहून भाचा एस.टी.नं आला. "आत्या, बठ्ठं सामान बांध. आता आमच्याकडेच राहायचं." पोरगा वाईट नाही. पण त्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं, आणि मी एकदा गेले की परत येणार नाही, हे त्यालाही ठाऊक, मलाही. गल्लीतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, आमच्याकडे ये. मी कोणाच्या घरी फुकट राहत नाही. "पोळ्यानंतर बघू," म्हणून भाच्याला परत पाठवलं. आबांना लिहिलं, 'भिंत पडली. माझी, तुमची नाही. कडी लावते.'

पोळ्याच्या आधी उत्तर आलं. भिंतीचं नावही नाही. 'अक्का, घर बंद राहिलं की तुळयांना वाळवी लागते. धूर पाहिजे. दोन वेळा चूल पेटवायची. नुसतं सरपण जाळायचं नाही, वर स्वयंपाक करायचा. रात्री आत माणूस निजलेलं पाहिजे, म्हणजे वाळवी फिरकत नाही. बंद ठेवून चालणार नाही.'

पत्र दोनदा वाचलं. मग त्यांच्या घरात जाऊन मान वर करून तुळया बघितल्या. साग. जुना, अस्सल साग. त्याला वाळवी लागत नाही हे चौथी शिकलेल्या बाईला कळतं. जन्मभर स्टोअरमध्ये लाकूड पारखून घेणाऱ्याला कळत नसेल?

भाचा आला तेव्हा मी आबांच्या चुलीपुढे भाकरी थापत होते. म्हटलं, "मला यायला जमणार नाही. या घराला वाळवी लागतेय. जबाबदारी माझ्यावर शे."

त्यानं वर बघितलं. "कुठं शे वाळवी?"

"दिसल्यावर काय उपयोग? भाकरी खा अन् जा."

गोधड्या शिवून पैसे जमवले, संक्रांतीपर्यंत भिंत उभी केली आणि परत माझ्या घरात निजायला लागले. चूल मात्र आबांचीच पेटवत राहिले. जन्मात उपकार घेतले ते एवढेच, आणि ते घेतले हे सांगायला मला लाज नाही.

होळीच्या सुमारास आबा न कळवता आले. अंगात जाड कोट, हातात बॅग, आणि दारातच उभे.

"अक्का, येऊ का?"

"घर तुमचं शे. विचारता काय?"

"चूल पेटलेली शे, म्हणून विचारलं."

तिकडे मुलगा-सून सकाळीच कामाला जायचे, दिवसभर घरात बोलायला कोणी नसायचं, हे त्यांनी पुढे एकदाच सांगितलं. त्या दिवशी कोट न काढताच चुलीपाशी बसले. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. एक भाकरी संपली, तरी एक सूचना नाही. मला वाटलं, माणूस आजारी आहे की काय. दुसरी मोडताना त्यांनी तुळयांकडे बघितलं.

"वाळवी?"

"लागली असती," मी म्हटलं. "चूल होती म्हणून वाचलं."